निरोगी माणसाने नंबर लावू नये

आरोग्यविम्याच्या अर्जात ‘कौटुंबिक डॉक्टरांचे नाव व दूरध्वनी क्रमांक’ असा एक रकाना होता. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याने राहतो, आणि गिरगावचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले, म्हणून त्या रकान्यापुरता मला एक डॉक्टर हवा होता. माझी तब्येत ठणठणीत होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या शनिवारनंतर ते कोणत्याही अधिकृत कागदावर लिहिण्याचा माझा हक्क गेला आहे.

निवडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर केसांचे, गुडघ्यांचे, दातांचे आणि मूळव्याधीचे डॉक्टर आहेत; संपूर्ण माणसाची जबाबदारी घेणारा मात्र शोधावा लागतो. साध्या तापखोकल्याला औषध देणाऱ्यांच्या पाट्यांवर एमबीबीएसपेक्षा आयुर्वेदाची बीएएमएस आणि होमिओपॅथीची बीएचएमएस ही अक्षरे अधिक दिसतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तर त्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची मुभा असावी, असा कायदा महाराष्ट्राने २०१४ साली केला आणि त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांमध्ये वर्षानुवर्षे जुंपलेली आहे. भांडण त्यांचे असले, तरी भर उन्हात पाटीखाली उभे राहून अक्षरे लावत बसायचे रुग्णाने. डॉक्टरांनी आपली फी दवाखान्यातल्या फलकावर लिहावी, असे २००२ च्या आचारसंहितेत म्हटलेले आहे. मी जिथे जिथे डोकावले तिथे ‘चपला बाहेर काढा’ एवढेच ठळक अक्षरांत होते. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलेल्या दवाखान्यात गेले.

काउंटरवरच्या मुलीने संगणकावरून नजर न काढता विचारले, “काय होतंय?”

“काही नाही. नाव नोंदवायचं आहे.”

“सर्टिफिकेट हवंय का?”

“नाही. फॅमिली डॉक्टर म्हणून नोंदवायचं आहे.”

“मग फॅमिलीत कोण आजारी आहे?”

“कोणीच नाही.”

आता तिने वर पाहिले. तक्रारीचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढचे पान उघडत नाही, हे तिने मला स्क्रीन फिरवून दाखवले. मी उत्साहाने माझा चौदा आकडी ‘आभा’ हा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक पुढे केला. सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग चुकवता येते, असे मी वाचले होते. “हा नको,” ती म्हणाली, “व्हॉट्सअ‍ॅपचा द्या.”

याच वेळी पंख्याखालच्या खुर्चीतून आवाज आला, “अशक्तपणा लिहून टाक.”

बोलणारे आजोबा रुग्ण नव्हते. ते रोज सकाळी रक्तदाब मोजून घ्यायला येतात आणि मोजून झाल्यावर दवाखान्याचे वर्तमानपत्र शब्दकोड्यासह संपेपर्यंत बसतात, हे मला नंतर कळले. आपण बसलोच आहोत तर चार लोकांच्या उपयोगी पडावे, या भावनेने त्यांनी नंबरांची व्यवस्थाही आपल्याकडे घेतलेली आहे. माझ्यानंतर आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी, “हे मघाशी सांगून दूध आणायला गेले होते,” असे म्हणून माझ्या पुढे काढले आणि मी काही बोलायच्या आत मलाच म्हणाले, “तुम्हाला कुठे घाई आहे, तुम्हाला तर काही झालेलंच नाही.” यावर उत्तर सुचेना, आणि अजूनही सुचलेले नाही.

मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “काका, अशक्तपणा नाही शोभणार यांना.”

“मग चक्कर?”

“चक्कर लिहिलं की सर ईसीजी काढायला लावतात.”

“नको नको, बाईंचे उगीच पैसे जातील. ताई, गुडघे?”

“उत्तम आहेत,” मी म्हणाले. “आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असते.”

“झोप?”

“लागते.”

“आणि पोट?”

इथे मी थबकले. अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत, आयुष्यात प्रथमच भेटलेल्या वृद्ध गृहस्थांशी या विषयावर बोलण्याची मला सवय नाही. शेजारी मांडीवरच्या मुलाला थोपटणाऱ्या बाईंचा हात थांबला. दूध आणून आलेले गृहस्थही माझ्याकडे पाहू लागले.

“होतं,” मी हळूच म्हणाले.

“बघ, दबकत सांगतायत,” आजोबा विजयी मुद्रेने मुलीला म्हणाले, “म्हणजे होत नाही. अपचन लिही. अपचनाला इथे कुठलं मशीन लावत नाहीत.”

मुलीने अपचन लिहिले, पुढचे पान उघडले आणि नव्या केसचे पाचशे रुपये माझ्याकडून घेतले. बऱ्याच वेळाने दार उघडून तिने, “अपचनवाल्या मॅडम कोण?” असे विचारले, तेव्हा माझ्या आधी आजोबांनीच हात वर केला.

माझी भाची मँचेस्टरला असते. तिकडे राहायला गेल्यावर तिने जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, एक अर्ज भरून दिला, त्याचे पैसे पडले नाहीत आणि तिला काय होते आहे हे कोणी विचारलेही नाही. १९४८ साली तिथली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून असेच चालते म्हणे. प्रत्यक्ष वेळ मिळेपर्यंत दुखणे आपले आपण बरे होते, असेही ती सांगते, त्यामुळे तिकडचे फार कौतुक करायचे कारण नाही. पण धडधाकट माणूस दवाखान्यात येऊ शकतो, ही कल्पना निदान त्या अर्जाला मान्य आहे.

आतल्या डॉक्टरांनी अपचन कधीपासून आहे, असे विचारले. मी विमा, रकाना, गिरगाव असे सगळे सांगू लागले आणि ते सांगत असतानाच त्यांनी तीन गोळ्या लिहिल्या. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम २०१६ मध्ये झालेला आहे. या चिठ्ठीवर मला वाचता आला तो फक्त माझा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक. विम्याच्या अर्जावर आपले नाव घालू का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “घालायला हरकत नाही, पण आधी सहा महिने येत चला. मी तुम्हाला ओळखतही नाही.”

हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. गिरगावच्या डॉक्टरांना माझ्या आईची साखर, वडिलांचा दमा आणि मला सल्फाच्या औषधांचे वावडे आहे हे सगळे पाठ होते, पण त्यांनी त्यातले काहीच कागदावर ठेवले नाही, त्यामुळे आमच्या घराचा सगळा वैद्यकीय इतिहास त्यांच्याबरोबर पुण्याला गेला. इथे संगणक आहे, फाईल आहे, आणि त्या फाईलमध्ये माझ्याविषयी जी एकमेव गोष्ट आहे ती आजोबांनी सांगितलेली आहे. सल्फाचे विचारायचे कोणाला सुचले नाही आणि मी सांगायला लागले तोवर पुढच्या रुग्णाने दार उघडले होते.

संध्याकाळी विम्याचे एजंट अर्ज न्यायला आले. टेबलावरचा केसपेपर त्यांनी माझ्या परवानगीशिवाय उचलून वाचला. त्यावर ‘अपचन’ तेवढे छापील होते.

“मॅडम, हे आता जाहीर करावं लागेल. आधीपासूनच्या आजारात धरलं, तर त्याला प्रतीक्षा काळ लागतो, तोवर त्याचा खर्च विम्यातून मिळत नाही.”

“किती?”

“जास्तीत जास्त ३६ महिने,” ते म्हणाले. “पण काळजी करू नका, पूर्वी ४८ असायचे.”