खांदा नेटवर्कमध्ये आहे का?

उजवा खांदा आखडला की अंबाडा घालता येत नाही, सीटबेल्ट ओढायला दुसरा हात लावावा लागतो आणि विमा कंपनीच्या फोनवर ताटकळताना फोन मानेत धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. वर्ष-दोन वर्षं चालतं. फिजिकल थेरपी सुरू करा." इथवर सगळं सुरळीत. न्यू जर्सीत थेरपिस्टकडे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच असं नाही. कायदा सोडतो, विमा कंपनी सोडेलच याचा भरवसा नाही.

कंपनीच्या नेटवर्कची, म्हणजे तिच्याशी करार असलेल्या थेरपिस्टांची, यादी उघडून झिप कोड टाकला, तर एडिसन-इसेलिनमधल्या नावांची रांगच लागली. जीव सुखावला. फोन लावायला घेतले तेव्हा कळलं, एक जण निवृत्त झालाय, एक बाई फक्त लहान मुलांना बघतात आणि एका पत्त्यावर आता नेल सलून आहे. २०२२ पासून लागू झालेला नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट म्हणतो, यादी दर ९० दिवसांनी तपासा. तपासतही असतील. नेल सलूनवाली मात्र फार अदबीने बोलली. तिला असे फोन बरेच येत असावेत.

शेवटी घराजवळच एक क्लिनिक सापडलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "हो हो, तुमचा इन्शुरन्स आम्ही घेतो." सोफ्यावरून नवरा ओरडला, "घेतात सगळेच! नेटवर्कमध्ये आहात का ते विचार!" आणि त्याचंच खरं निघालं (हे त्याला सांगितलेलं नाही). क्लेम पाठवायला त्यांची ना नव्हती, पण करार त्यांच्या दुसऱ्या शाखेचा होता. तोच थेरपिस्ट सोमवारी तिकडे बसला की नेटवर्कमध्ये, बुधवारी इकडे आला की बाहेर!

खात्री करायला कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी थेरपिस्टचा एनपीआय, म्हणजे त्याचा १० अंकी ओळख क्रमांक, मागितला, क्लिनिकचा टॅक्स आयडी मागितला आणि सगळं जुळल्यावर गोड आवाजात सांगितलं, "पैसे मिळतीलच अशी हमी मात्र नाही." कॉलचा रेफरन्स नंबर तेवढा दिला. तो फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलाय.

सांगलीहून आई म्हणते, "अगं, आपल्या गल्लीतले फिजिओ घरी येतात. पैसे द्यायचे नि मोकळं व्हायचं." तिकडच्या साध्या मेडिक्लेममध्ये दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय खांद्याला दमडी मिळत नाही. पण ते आधीच ठाऊक असतं, मनस्ताप तरी वाचतो.

थेरपी मात्र छान आहे हो. दाराला अडकवायची पुली, पिवळा रबरी पट्टा, भिंतीवर बोटांनी चालत वर जायचं. मग घरी विमा कंपनीचा एक कागद येतो. वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही', खाली उपचारांचे कोड: ९७११० म्हणजे व्यायाम, ९७१४० म्हणजे थेरपिस्टने हाताने केलेली ओढाताण. डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने हात सैल करण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम, संपेपर्यंत दोन्ही आपल्याच खिशातून. बिल त्याच्या मागोमाग येतंच.

ते डिडक्टिबल आत्ता कुठे भरत आलंय, आणि १ जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून सुरू. हल्ली डावा खांदाही कुरकुरायला लागलाय. त्याला स्पष्ट सांगून ठेवलंय, आखडायचंच असेल तर ३१ डिसेंबरच्या आत आखड.