पांढऱ्या डागांवरचं ऊन

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा ओशाळलो, कारण तुमच्या मुद्द्यांतला एक खरा आहे.

मी लिहिलं होतं की समुद्रात सांडलेलं तेल उन्हामुळे जास्त विषारी होतं आणि माशांची नुकती फुटलेली पिल्लं त्यात मरतात. तुमचं म्हणणं असं: उन्हाने तेल उडून जातं, मग विष वाढेल कसं? गोधड्या, कुरडया, हळद आपण उन्हात टाकतो ते काय उगाच? आणि भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने समुद्राच्या गप्पा कशाला हाणाव्या?

शेवटचं आधी घेतो. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा जुहूला, भेळ खात. कबूल.

तेल उडून जाण्याचं तुमचं बरोबर आहे. हलका भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच हवेत जातो. उरलेल्यातलं बरंचसं पुढे ऊन आणि जिवाणू मिळून मोडून काढतात. काही महिन्यांचा हिशोब मांडला तर ऊन साफसफाईच करतं, आणि हे मी लिहायलाच पाहिजे होतं. पण जो जड भाग उडत नाही, त्यात अँथ्रासीन, पायरीन, फ्लुओरँथीन अशी मंडळी असतात. डांबरातही तीच. पाण्यात ती फार विरघळत नाहीत, चरबीत मात्र पटकन मुरतात. माशाच्या पिल्लाच्या पोटाला बलकाची शिदोरी बांधलेली असते, ती त्यांना आयतीच सापडते.

पुढचं सांगायला मला आमची गायच बरी पडते. एचएफ होती, काळी-पांढरी. एका पावसाळ्यात चारा कमी, म्हणून जंगलाच्या कडेला सोडली तर रायमुनिया खाऊन आली. (पुण्याकडचे घाणेरी म्हणतात ती.) चार-पाच दिवसांत तिच्या पाठीवरची कातडी पापडासारखी सुटायला लागली, पण फक्त पांढऱ्या डागांवरची. काळं जिथे सुरू होतं तिथे जखम आखल्यासारखी थांबलेली. काका म्हणाले, "काहून रे, पांढरंच कसं जळलं?" डॉक्टरांनी औषध दिलं ते दिलंच, पण पहिलं काम सांगितलं ते गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधायचं. रायमुनियाने यकृत बिघडतं, मग चाऱ्याच्या हिरव्या रंगातून तयार होणारं एक द्रव्य शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साचतं. सावलीत ते कातडीला काही करत नाही. ऊन लागलं की पेटतं. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, पांढऱ्याखालची गुलाबी कातडी उघडी पडते.

आता माशाचं पिल्लू डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे ढीवर लोक तलावात सोडायला मत्स्यजिरे आणतात, ते हंडीतल्या पाण्यात तुम्ही पाहिलेच असतील. दोन काळे ठिपके हलताना दिसतात म्हणून कळतं की इथे जीव आहे. बाकी अंग काचेसारखं. समुद्रातल्याही कितीतरी माशांची, खेकड्यांची पिल्लं अशीच, आणि राहतात पाण्याच्या वरच्या थरात, जिथे तेलही असतं आणि ऊनही. अंगात मुरलेलं अँथ्रासीन उन्हातले अतिनील किरण शोषतं, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं, आणि तो चवताळलेला ऑक्सिजन पेशींची आवरणं फाडतो. गाईचे निदान डागच पांढरे होते. ही पिल्लं अख्खीच पांढरी.

हे गोड्या पाण्यातही होतं, म्हणून आपला संबंध येतो. 1983 साली छापून आलेल्या एका प्रयोगात मासे अँथ्रासीन मिसळलेल्या वाहत्या पाण्यात ठेवले होते. उन्हातले दोन दिवसांत मेले, सावलीतले जगले. अंगात अँथ्रासीन मुरलेले सावलीतले मासे उन्हात आणले, तर तेही मेले.

समुद्रातलं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. 7 नोव्हेंबर 2007 ला कॉस्को बुसान हे जहाज तिथल्या पुलाच्या खांबाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत गेलं. त्याच हिवाळ्यात, तीनेक महिन्यांनी, तिथल्या हेरिंग माशांची अंडी तपासली. खोल पाण्यातल्या अंड्यांत हृदयाचे दोष सापडले, पण काठाच्या उथळ पाण्यातली, ओहोटीला उघडी पडणारी, मोठ्या प्रमाणात मेलेली होती, त्यांच्या पेशी सडलेल्या. शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते तेलावर आणि उन्हावर, दोघांवर मिळून.

"तेलाची सुरक्षित पातळी तज्ज्ञ ठरवतात," असंही तुम्ही म्हणता. ठरवतात, पण अशा बऱ्याच चाचण्या खोलीत, ट्यूबलाइटखाली होत आल्या. ट्यूबमध्ये अतिनील किरण जवळजवळ नसतातच. म्हणजे आमची गाय अंधाऱ्या गोठ्यात तपासायची आणि रायमुनियाने कातडीला काही होत नाही म्हणून मोकळं व्हायचं.

गोधड्या खुशाल उन्हात टाका. त्यांच्यात अँथ्रासीन नाही.

मूळ लेखातलं "ऊन तेलाला विषारी बनवतं" हे वाक्य मी बदलून "तेल अंगात मुरलेल्या पिल्लाला ऊन मारतं" असं केलंय. तेल उन्हात स्वतःही बदलतं आणि त्यातून निघणारे काही पदार्थ पाण्यात जास्त विरघळतात, पण तो भाग वेगळा, तो पुढच्या लेखात घेतो.

राहता राहिला तुमचा टोमणा, की डास मारायला तुम्ही डबक्यात जळकं ऑइल टाकता आणि कोणाचं काही बिघडत नाही. डासांच्या अळ्या तवंगाखाली गुदमरून मरतात, तिथे उन्हाची गरजच नाही. पण इंजिनात चालून आलेल्या ऑइलमध्ये हे जड पदार्थ नव्यापेक्षा जास्त असतात. ते डबकं पावसात भरून मामा तलावाला (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावाला) मिळत असेल, तर जिरे सोडायच्या आधी ढीवर मंडळींना एकदा सांगा.