‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे आमचं चुकलंच

नमस्कार ताई,

आमच्या स्टुडिओला तुम्ही ऑनलाइन दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर काल रात्री शटर ओढताना वाचला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून आज सकाळी चहा घेऊन बसलेय.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारीवर बुगडी घालायची, म्हणून लेकीचा वरचा कान टोचायला तुम्ही ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत आलात. काउंटरवर ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस’ असं सांगितलं गेलं आणि प्रत्यक्षात पोरगी कळवळली. बधिर करायचं मलम मागितलं तर आम्ही नाही म्हणालो. एकाच कानाला दोनदा टोचलं. नंतर तिला चक्कर आली. अठराशे रुपये घेतले, जे काम मॉलमध्ये साडेतीनशेत बंदुकीने दोन सेकंदांत होतं. आणि एवढं करून बुगडी घालू दिली नाही ती नाहीच.

सगळ्यात आधी मुंगीचं. ते आमच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, आणि ते खोटं होतं. तिचा हेतू धीर द्यायचा असेल, पण वरच्या कानाची कूर्चा, म्हणजे आतलं लवचिक हाड, टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटत नाही, चांगलीच कळ येते. मुंगीची तयारी ठेवून बसलेल्या माणसाला ती कळ दुप्पट लागते, कारण तो दचकतो, मान आखडतो, श्वास कोंडतो आणि ‘काहीतरी बिघडलंय’ या भीतीने आणखी घाबरतो. ही चूक पूर्णपणे आमची. त्या मुलीशी मी बोललेय. आता आम्ही ‘दुखेल, एक-दोन सेकंद चांगलं दुखेल, मग गरम गरम वाटून ठणकेल’ असं सांगतो. हे ऐकून काही जण परत जातात. जाऊ देत.

माझे आजोबा जांभळी नाक्याजवळ सोनारकाम करायचे. बारशाला आणलेली पोरं मामाच्या मांडीवर बसायची आणि आजोबा सोन्याच्या तारेने कानाची पाळी टोचायचे. जरा मोठं, समजणारं मूल असेल तर ते ‘आता दुखणार हं, मग गूळ’ एवढंच म्हणायचे. गुळाचा खडा दुसऱ्या हातात त्याला दिसेल असा धरलेला. दुखणार नाही असं त्यांना मी एकदाही म्हणताना ऐकलं नाही. आणि ही युक्ती काही त्यांची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचाच आहे: मूल दाईच्या मांडीवर घ्यावं, खेळण्यांनी रमवावं, डाव्या हाताने कान ताणून उन्हात धरावा आणि मूळचं छिद्र दिसेल तिथेच टोचावं. रक्त फार आलं आणि दुखलं फार, तर जागा चुकली असं समजावं, असंही तिथे लिहिलंय. आता तुम्ही म्हणाल, मग तुमचीच जागा चुकली! नाही ताई, तो हिशोब पाळीचा. पाळीत कूर्चा नसते, नुसती मऊ कातडी आणि चरबी. वरच्या कानाच्या कूर्चेवर जे पातळ आवरण असतं, तिथे आणि कातडीत संवेदना भरपूर, आणि सुई ते दोन्ही बाजूंनी भेदून जाते.

‘दोनदा टोचलं’ याबद्दल. सुई एकदाच गेली. पण सुईच्या मागोमाग दांडी, म्हणजे छिद्र बरं होईपर्यंत कानात राहणारा सरळ दागिना, आत सरकवताना आमच्याकडच्या टोचणाऱ्या मुलाच्या हातून ती निसटली, आणि निमुळत्या सळईने वाट धरून दांडी पुन्हा बसवावी लागली. त्यात पंधरा-वीस सेकंद गेले आणि ते तिला सुईपेक्षा जास्त लागले असणार. तुम्हाला ते दुसरं टोचणं वाटलं यात तुमची काही चूक नाही. हाताची सफाई कमी पडली. मलाही सुरुवातीला दोन-तीनदा झालंय, पण ते माझं समाधान झालं, तुमच्या लेकीचं नव्हे.

मलमाच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणता ते मलम बहुधा लिडोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी अडीच टक्के, असं असतं. ते जाड थर देऊन वर प्लास्टिकने झाकून तासभर ठेवावं लागतं, तेव्हा कातडी बधिर होते. दारात येऊन चोळलं आणि टोचलं, असं नाही चालत. तासभर ठेवलं तरी कातडी पांढरी पडते, थोडी फुगते, आणि पेनाने केलेली खूण सरकते. पाळीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर भागतं, वरच्या कडेवर दागिना तिरपा दिसतो. कूर्चेतला दाब तर तरीही जाणवतोच, आणि रात्रीचा ठणका असतो त्यावर या मलमाचा काही उपयोग नाही. कुणाला या औषधांची ॲलर्जी असते. इंजेक्शन देऊन बधिर करणं हे डॉक्टरांचं काम, ते मी कुणाच्याही आग्रहाने करणार नाही. बर्फाचंही लोक विचारतात. बर्फाने कातडी ताठ होते आणि सुईला उलट जास्त जोर लावावा लागतो.

चक्करेचं मी जरा लांबण लावून लिहिते, कारण ते फक्त तुमच्यापुरतं नाही. तुम्हीच लिहिलंय की मंगळवारचा उपवास होता आणि ती सकाळच्या साबुदाण्यावर संध्याकाळी सात वाजता आली. आमच्या फॉर्मवर ‘काही खाल्लंय का’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलेलं आहे. पण ‘कधी’ हे आम्ही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं. ती सुईने बेशुद्ध पडली नाही. टोचून झालं, ‘झालं?’ म्हणत ती उठली, आरशाकडे चार पावलं गेली, ‘छान दिसतंय’ एवढं म्हणाली, ओठ पांढरे पडले आणि भिंतीला पाठ घासत खाली बसली. वेदना असह्य झाली म्हणून हे होत नाही. सुई, रक्त, भीती यांनी काही जणांची नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि माणूस उभा असेल तर डोक्याला रक्त कमी पडतं. रिकाम्या पोटी याचा धोका वाढतो. आम्ही तिला आडवं करून पाय खुर्चीवर ठेवले, समोरून लिंबू सरबत आणलं, दहा मिनिटांत ती बोलायला लागली. पण तिला उठूच द्यायला नको होतं. आता टोचल्यावर दहा मिनिटं पलंगावर पडून राहायचं, आरसा आम्ही हातात देतो.

एक गंमत सांगते. सुईला घाबरणाऱ्याला सगळे म्हणतात, ‘अंग सैल सोड.’ ज्याला चक्कर येते त्याच्यासाठी हे अगदी उलटं आहे. त्याने मांड्या, पोट आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. त्याने रक्तदाब वर राहतो. मान मात्र ढिली ठेवायची, आणि सुई जाताना श्वास सोडायचा, ओढायचा नाही. माझं स्वतःचं नाक टोचताना मी श्वास कोंडून बसले होते, तेव्हापासून हे कधी विसरले नाही.

घरून डिस्प्रिन देऊन आणल्याचंही तुम्ही लिहिलंय. काळजीपोटी दिलीत, पण त्यात ॲस्पिरिन असतं आणि त्याने रक्त लवकर थांबत नाही. टिश्यूवर जे रक्त तुम्ही फोटोत दाखवलंय, त्यातलं काही त्याचंही असेल. गोळी घ्यायचीच तर, चालत असेल त्याने पॅरासिटामॉल घ्यावी.

आता बंदूक. तिच्यात जी कुडी असते तिचं टोक सुईच्या मानाने बोथट असतं, आणि स्प्रिंगच्या जोराने ती कानात ठोकली जाते. पाळी ते सोसते. कूर्चा चेचली जाते, कधी फाटते. बंदूक प्लास्टिकची असल्याने ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, म्हणजे १२१ अंशांवर वाफेच्या दाबाने पंधरा-वीस मिनिटं निर्जंतुक करणं तिच्या नशिबी नाही. आमची १६ गेजची, म्हणजे १.२ मिलिमीटरची पोकळ सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली आणि तुमच्यासमोर डब्यात टाकली. दांडी इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या टायटॅनियमची आहे, त्याचं मानक एएसटीएम एफ-१३६. अठराशेमधला मोठा भाग तिचा. दोन सेकंद आणि साडेतीनशे हे दोन्ही खरे आहेत, मी नाकारत नाही.

बुगडीचं सांगते, कारण तो राग मला समजतो. माझ्या आजीच्या कानाची वरची कड किंचित मुडपलेली होती. लग्नात टोचलेलं बुगडीचं छिद्र पिकलं होतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या आवरणातून तिचं पोषण होतं, म्हणून तिथे जंतू शिरले की कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो. पाळी सहा-आठ आठवड्यांत बरी होते, वरच्या कानाला सहा महिने ते वर्ष लागतं. आठ दिवसांत त्यात मोत्यांची जड बुगडी अडकवायला देणं मला जमणार नव्हतं. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आमच्या घराण्याला शोभते, पण वरचा कान आजोबांच्या तारेने टोचू नये असं मी सोनाराची नात असून म्हणते. यात्रेला चापाची बुगडी घाला, ती दुसऱ्या कानावर बसते. पुढच्या पाडव्याला खरी घालता येईल.

आणि ताई, तुमच्या मजकुरातली एक ओळ वाचून मी घाबरले: ‘रोज हळद-खोबरेल लावून फिरवतेय.’ कृपा करून आजच थांबवा. तेल लावू नका, डेटॉल नाही, आणि दांडी अजिबात फिरवू नका, फिरवली की आतली नवी कातडी दर वेळी फाटते. मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाईन दिवसातून दोनदा, त्याने भिजून निघेल तेवढंच पुसा. पहिले काही दिवस थोडी सूज आणि लाली असते, पिवळसर खपली म्हणजे पू नव्हे. पण कान गरम लागतोय, ठणका वाढतोय, पू येतोय किंवा ताप आलाय, असं काहीही असेल तर माझ्याकडे न येता थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दांडी मात्र स्वतः काढू नका, नाहीतर छिद्र बाहेरून मिटतं आणि घाण आत कोंडते. त्या कुशीवर झोपणं बंद, आणि लोकलच्या गर्दीत केस आणि ओढणी त्या बाजूला नको.

पैशांबद्दल: दांडी निसटली ती आमची चूक, म्हणून टोचण्याचे पाचशे परत करते, दांडीचे नाही. सूज उतरल्यावर, म्हणजे साधारण पाचव्या आठवड्यात, आठ मिलिमीटरची दांडी काढून सहाची बसवायची असते. नाहीतर लांब दांडी केसांत अडकून छिद्र तिरपं होतं. ते काम मी स्वतः करेन, मोफत, आणि नवी दांडीही माझ्याकडून. एक तारा बदला असं म्हणणार नाही.

सोमवारी बंद असतो, बाकी दिवशी दुपारी चारनंतर मी असते. लेकीला घेऊन या, आणि या वेळी जेवून या.