आवाज कुठनं येतोय?

आवाज गाडीच्या पुढून येतोय, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढून म्हणजे नेमका कुठून, यावर मात्र जितकी माणसं तितकी निदानं. बायकोच्या मते तिच्या पायाखालून. मागं बसलेल्या सासूबाईंच्या मते 'विंजिनातनं'. शेजारचे निवृत्त ड्रायव्हरकाका गाडी फाटकातून आत येताना नुसती मान तिरकी करून म्हणाले, "बेअरिंग." आणि चहा प्यायला आत गेले. बेअरिंग हे निदान कुणालाही, कधीही, चहा गार व्हायच्या आत करता येतं. कारण गाडीत बेअरिंगं भरपूर असतात आणि त्यातलं एखादं कुरकुरत असतंच.

गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, सेकंडहँड, शिरोळकडच्या एका ऊसवाल्याकडून घेतलेली. भर पावसात गगनबावड्याला जायचं, दाजीपूरच्या जंगलाच्या तोंडाशी चिखलात बिनधास्त घालायची, असा बेत होता. प्रत्यक्षात ती कोल्हापुरातच राजारामपुरीतून निघते, रंकाळ्यावर भेळ खाते आणि परत येते. घेताना मी एकच शहाणा प्रश्न विचारला होता, "2019 च्या महापुरात गाडी कुठं होती?" शिरोळ तालुका म्हटल्यावर हे विचारायलाच हवं. त्या वर्षी शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली होता. मालक छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर, गाडी तवा पन्हाळ्यावर हुती." पन्हाळ्यावर महापूर चढत नाही. मी पैसे मोजले.

आवाजाचं वेळापत्रक ठरलेलं होतं. पस्तीसपर्यंत काही नाही. मग किर्र, किर्र, किर्र. पंचेचाळीसला त्या सगळ्या किर्र एकमेकींत मिसळून एक सलग घर्रर्र. ॲक्सिलरेटर सोडला की चिडीचूप. चढाला दुप्पट. साठच्या पुढं इंजिनच एवढं बोलायचं की बाकीच्यांना संधी मिळत नसे.

साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं नुसती गडगडत जातात. त्यामुळं आवाज आला तर आरोपी मोजके. फोर बाय फोरमध्ये मात्र पुढंही एक अख्खा संसार मांडलेला असतो. ट्रान्सफर केसमधून (इंजिनाची ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी) निघून पुढं येणारा प्रॉपेलर शाफ्ट नावाचा फिरता दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारे अधिकच्या चिन्हासारखे सांधे, मग पुढचं डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन चाकांत वाटणारी दातेरी चक्रं, त्यातून दोन बाजूंना निघालेले ॲक्सल, ॲक्सलच्या टोकांना जॉइंट. काही गाड्यांत चाकाच्या हबवर एक फिरकी असते. ती फिरवून हब मोकळे केले की चाकं सुटी फिरतात आणि हा सगळा पसारा जागच्या जागी गप उभा राहतो. म्हणजे निदान एका मिनिटात: हब मोकळे केल्यावर आवाज गेला तर दोष पसाऱ्यात, राहिला तर चाकात, बेअरिंगमध्ये किंवा टायरात. आमच्या आधीच्या मालकांनी 'कशाला ती कटकट' म्हणून फिरकीचे हब काढून पक्के, मोकळे न होणारे फ्लँज ठोकले होते. त्यामुळं नुसतं दूध आणायला निघालं तरी पुढचा सगळा संसार सोबत फिरायचा.

मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातले. माणूस हाताचा पक्का, फक्त उद्यमनगरात बसून आवाज ऐकणं हा प्रकार मला शेवटपर्यंत समजला नाही. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला ग्राइंडर, समोर कोणीतरी पत्र्यावर घण घालतोय. मिस्त्री बॉनेटवर कान ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सर, आत्ता येतोय बगा." मी म्हणायचो, "मिस्त्री, इंजिन बंद आहे."

त्यांनी चाकं उचलली, वरून-खालून धरून हलवली, हातानं फिरवली आणि बेअरिंग बदलली. उजव्या चाकाचं घेतलं, कारण डावीकडं वळताना आवाज वाढतो असं मी सांगितलं होतं. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि खराब बेअरिंग तेव्हाच जास्त ओरडतं, हा नियम बरोबर आहे. पण कळंब्याकडं जाताना डावीकडची जी वळणं मी धरली होती ती सगळी चढावर होती, आणि आवाज वळणामुळं वाढत होता की चढामुळं, ही चौकशी कुणीच केली नाही. बेअरिंग नवं, ग्रीस नवं, बिल नवं. आवाज तोच.

मग टायर. पुढचे मागं, मागचे पुढं. टायर वेडेवाकडे झिजले असतील तर आवाजही टायरांबरोबर मागच्या बाजूला जातो. आमचा पुढंच राहिला.

मग जॉइंट. ते बघायला मिस्त्री, त्यांचं हाताखालचं पोरगं आणि मी एका मोकळ्या मैदानात गेलो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण तोडून गोल गोल फिरायचं. जॉइंट गेला असेल तर टक-टक-टक असा कोरडा ठोका येतो. तिथं क्रिकेट चाललेलं होतं, ते थांबलं. पोरं कडेला बसून कॉमेंट्री करायला लागली. ठोका काही येईना. तेवढ्यात मिस्त्रींच्या पोराला वाटलं, गाडी फोर बाय फोर आहे तर त्यातही बघावं, आणि त्यानं दांडा ओढला. वळताना पुढची चाकं मोठं वर्तुळ कापतात, मागची लहान. असल्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये हा फरक पचवायला काही नसतं. चिखलात चाकं घसरून आपली आपण तडजोड करतात, टणक जमिनीवर कोण माघार घेणार? गाडी उचक्या देत, टायर घासत, कण्हत अर्धा फेरा गेली आणि जागेवर अडली. "दांडा काढ, दांडा काढ!" मिस्त्री ओरडत होते. पॉइंटवर बसलेला एक बारका म्हणाला, "काका, आवाज आला बगा आता!"

माझं म्हणाल तर मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आवाज म्हणजे कंप, कंप धातूतून हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो, चासीला एका टोकाला चिमटा काढला तर दुसरं टोक ओरडतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण हे सगळं गल्लीत उभं राहून सांगितलं की लोक म्हणतात, "ते बरोबर हाय सर, पण बेअरिंग बघून घ्या."

अशात एका रविवारी माझे साडू आले. आप्पा इचलकरंजीचे. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. शेडमध्ये ओळीनं माग चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायला खुणा कराव्या लागतात, आणि त्यात कान कधीच कामाला आले. आप्पांशी बोलायचं तर तोंडासमोर जाऊन, पोवाडा म्हटल्यासारखं. बायको म्हणाली, "अहो, आप्पांना घेऊन चक्कर मारून या." मी म्हटलं, आवाज शोधायला आप्पांना? ती म्हणाली, "मग मिसळ तरी खाऊन या."

मिसळ खाऊन, मिस्त्रींचं पोरगं वाटेत भेटलं त्यालाही घेऊन, कळंब्याच्या पुढं गारगोटी रस्त्याला लागलो. पंचेचाळीसला घर्रर्र सुरू झाली. मी ओरडून विचारलं, "आप्पा, येतोय का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "काय येतंय?" मग त्यांनी चप्पल काढली, उघडा पाय फरशीवर ठेवला, तळवा फोर बाय फोरच्या दांड्यावर ठेवला आणि म्हणाले, "पाव्हणं, हळू घ्या. अजून हळू. माग बिघडला की कानानं कुठं कळतंय? धोटा अडकाय लागला तर आधी हाताला कळतं."

दहाच्या वेगाला आवाज अजिबात येत नव्हता. आप्पांच्या बोटांचा मात्र स्वतःच्या गुडघ्यावर ठेका सुरू झाला. ठक, ठक, ठक, ठक. "ह्यो बगा. बारीक गचका हाय." त्यांनी गाडी थांबवायला लावली, पोराला खाली उतरवलं, पुढच्या टायरावर खडूची रेघ मारायला लावली (फिजिक्सच्या माणसाच्या खिशात खडू असतोच), आणि सांगितलं, "गाडीबरोबर पळायचं. रेघ खाली आली की वरडायचं." गारगोटी रस्त्यावर रविवारी सकाळी एक पोरगं गाडीशेजारी पळतंय आणि दर फेऱ्याला "हां!... हां!... हां!" करून बोंबलतंय, आत एक ज्येष्ठ गृहस्थ अनवाणी पायानं गुडघा वाजवतायत. समोरून आलेल्या ऊसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर कडेला घेऊन आम्हाला वाट दिली.

पोराच्या एका 'हां'पासून दुसऱ्या 'हां'पर्यंत आप्पांचे चार ठोके पडत होते, वर थोडं. मग मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. चाक एकदा फिरतं तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या दातांच्या हिशेबानं अनेकदा फिरतो. आमच्या गाडीत तो आकडा चारच्या जरा वर आहे. दोष चाकात, ॲक्सलच्या जॉइंटमध्ये असता तर ठोका फेऱ्याला एक-दोनदाच पडला असता. म्हणजे शाफ्ट. म्हणजे क्रॉस.

"क्रॉस मी बघितलाय," मिस्त्री म्हणाले. "धरून हलवला. प्ले न्हाई." प्ले नव्हताच. ढिला झालेला क्रॉस खडखडतो, हातालाही लागतो. गंजून आखडलेला क्रॉस गाडीवर असेपर्यंत नव्यापेक्षा घट्ट वाटतो. मी म्हटलं, शाफ्टच काढा आणि मागच्या चाकांवर चक्कर मारून या. मिस्त्रींनी दोन्हीकडं रंगाच्या खुणा केल्या, फ्लँजचे बोल्ट सोडले, शाफ्ट खाली घेतला आणि गाडी घेऊन गेले. आले ते खिडकीतूनच म्हणाले, "आयला, गेला की ओ!"

शाफ्ट टेबलावर होता. क्रॉस एका दिशेला लोण्यासारखा वाकत होता, दुसऱ्या दिशेला मध्यावर येऊन अडत होता. जोर लावला की कट्‌ करून सुटायचा. क्रॉसच्या टोकावरची टोपी ठोकून काढली. आत सुईएवढे बारीक रोलर उभे असतात, ग्रीसमध्ये न्हालेले. इथं ग्रीसचा पत्ता नव्हता. लालसर कोरडी भुकटी तेवढी सांडली, आणि क्रॉसच्या बोटावर रोलरांनी एकाशेजारी एक सारख्या अंतरावर चर पाडून ठेवले होते, फूटपट्टीवरच्या मिलीमीटरच्या खुणा जशा. मिस्त्रींनी भुकटी चिमटीत घेतली. "सर, ह्ये पावसाचं न्हाई. गाडी बुडाली हुती."

मी तिथूनच आधीच्या मालकांना फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "सर, पन्हाळ्यावरबी पाऊस लई असतोय."

नवा क्रॉस बेअरिंगच्या बिलापुढं किरकोळ होता. बसवताना मात्र घाम निघाला, कारण टोपी दाबताना एक रोलर आडवा पडला तर ती बसतच नाही, आणि एक रोलर दर वेळी आडवा पडतो. मिस्त्रींनी जाड ग्रीस लावून रोलर एकेक चिकटवले, शाफ्ट दाब्यात धरला, हळूहळू आवळलं. रंगाच्या खुणा समोरासमोर जुळवल्या. हे जुळवणं शोभेचं नसतं. क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते हेलकावे भरून काढतो, पण दोन्ही क्रॉस धरणारे शाफ्टचे काटे एका रेषेत असतील तरच. एक दात चुकवून जोडला तर आवाज जाऊन थरथर यायची. सतराव्या शतकात याच सांध्यावर रॉबर्ट हूकनं काम केलं होतं. अकरावीला मी ज्याचा स्प्रिंगचा नियम शिकवतो तो हाच हूक. हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "असंल. पण त्याला ग्रीसपंप मारायचं कुणी सांगितलं न्हाई."

आता पुढच्या शाफ्टच्या निपलला ग्रीस वेळच्या वेळी जातं. मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगतात की सरांच्या गाडीचा क्रॉस त्यांनी नुसता हात लावून ओळखला. मी काही बोलत नाही, पुढच्या बिलात वजा होईल. आप्पांचं मात्र उद्यमनगरात नाव झालंय. ते इचलकरंजीहून निघाले की आधी गॅरेजला उतरतात, मग घरी. सासूबाईंना ते पटत नाही. परवा वर्ग चालू असताना मिस्त्रींचा फोन आला. "सर, एक टेंपो आलाय. पुढनं आवाज येतोय."

मी म्हटलं, "सुटल्यावर येऊन बघतो."

"न्हाई न्हाई, तुमी कशाला तरास घेताय," मिस्त्री म्हणाले. "तुमी फकस्त आप्पांना सोडा."