बोलती बंद झालीच नव्हती

‘अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांची बोलती बंद’ हा संदेश माझ्या भाचीने वादविवाद स्पर्धेच्या टिपणात जसाच्या तसा उतरवला आणि मला विचारले, ‘मामा, माहितीपटातच आहे, म्हणजे पुरावाच ना?’ त्या संदेशात चार दावे होते: एका प्रश्नावर बंदूकधारकांपाशी उत्तरच नव्हते, न्यायालयानेही तो चित्रपट खरा ठरवला, तिकडे बँका बंदूक भेट देतात, आणि हत्याकांडानंतर त्यांच्या नेत्याने बंदूक उंचावून आव्हान दिले. बंदुकीचा परवाना सहजासहजी मिळू नये, असेच माझेही मत आहे; म्हणूनच हा संदेश मला अधिक खटकला.

संदेशासोबतची चित्रफीत २०१६ च्या ‘अंडर द गन’ या माहितीपटातली आहे. खरेदीदाराची पार्श्वभूमी न तपासता बंदुका विकल्या, तर गुन्हेगारांना आणि दहशतवाद्यांना त्या घेण्यापासून कसे रोखणार, असा प्रश्न पत्रकार केटी कुरिक व्हर्जिनियातील बंदूकधारकांच्या एका गटाला विचारतात. त्यानंतर आठ-नऊ सेकंद कोणी बोलत नाही. एक जण मान खाली घालतो. संदेश म्हणतो, यांच्यापाशी उत्तरच नव्हते. प्रत्यक्षात त्या गटाने स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणात उत्तर लगेच ऐकू येते: शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेल्या माणसाला त्याचे मूलभूत हक्क असायलाच हवेत. हे उत्तर मला मुळीच पटत नाही, पण ते दिले गेले होते. मग ती शांतता आली कुठून? या गटाने पुढे केलेल्या दाव्यानुसार, मुलाखतीपूर्वी ध्वनियंत्रणा जुळवताना त्यांना गप्प बसायला सांगितले होते, तेव्हाची ती दृश्ये आहेत. प्रेक्षकांना विचार करायला क्षणभर मिळावा म्हणून तो विराम ठेवला, असे दिग्दर्शिकेने सांगितले. कुरिक यांनी मात्र चुकीचे चित्रण झाल्याची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

नवी पेठेतल्या माझ्या स्टुडिओत मी लग्नांचे मिक्सिंग करतो, त्यामुळे या कामाची चटक मला ठाऊक आहे. पाठवणीच्या वेळी डोळे पुसणारा वधुपिता मी अक्षतांच्या प्रसंगाला अनेकदा जोडला आहे, आणि आजवर एकाही यजमानाने तक्रार केलेली नाही. परंतु लग्नाची फीत कोणी पुरावा म्हणून दाखवत नाही.

‘न्यायालयानेही चित्रपट खरा ठरवला’ ही तर शुद्ध थाप आहे. या गटाने लावलेला बदनामीचा दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला आणि २०१८ मध्ये अपीलही टिकले नाही, हे मान्य. पण झाले ते बदनामीच्या कायद्यात बसत नाही असे म्हणणे आणि ती शांतता खरी होती असे म्हणणे, यांत बरेच अंतर आहे.

उरलेले दोन मुद्दे मायकेल मूर यांच्या २००२ च्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ या माहितीपटावरून उचललेले आहेत. आपल्याकडे बँका दिनदर्शिका देतात तशी तिकडे बंदूक देतात, हे अर्धेच खरे आहे: मिशिगनमधील एका बँकेची तशी योजना होती, पण ती मुदत ठेवीवरच्या व्याजाऐवजी. कोलंबाइन शाळेतल्या १९९९ च्या हत्याकांडानंतर अभिनेते आणि बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष चार्लटन हेस्टन यांनी जवळच्याच डेन्व्हर शहरात बंदूक उंचावून आव्हान दिले, हे मात्र चूक. महापौरांनी येऊ नका असे सांगूनही ते १ मे १९९९ रोजी तिथे भाषणाला गेले, ही गोष्ट खरी आहे. परंतु बंदूक उंचावल्याचे दृश्य वर्षभरानंतरच्या, शार्लट शहरात झालेल्या संघटनेच्या अधिवेशनातले आहे. दोन्ही तुकड्यांतला टायसुद्धा वेगळा आहे.

भाचीला मी चित्रफीत वगळायला सांगितले आहे. ध्वनिमुद्रणातले उत्तर ती आधी वाचून दाखवील आणि मग खोडून काढील. उपांत्य फेरी शनिवारी आहे.