मधलं नाव तयारच असतं

एका बाईचं नाक कापलं म्हणून ज्या गावाला नाव पडलं म्हणतात, त्या नाशकात मुलीचं नाव सुरळीत ठरेल ही अपेक्षाच चूक.

सगळे पहिल्या नावापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, मधल्यापासून करा. ते लग्नपत्रिकेतच छापून झालेलं असतं. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचा सरकारी क्रम असा: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. पूर्वी नावांमधले सांधे दोन होते, आता तीन. एका नावाचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं अक्षर सारखं आलं, की सांधा निखळलाच. 'मीरा राधिका कार्तिक' हजेरी घेतल्यासारखं भरभर म्हणा. मीराराधिकाकार्तिक! रिक्षा खडीवरून गेली. मीराची जुई केली की पहिला सांधा नीट बसतो. राधिका-कार्तिकचा मात्र बारशाला बसत नाही. ते पत्रिका जुळवतानाच बघायचं होतं.

पत्रिकेवरून आठवलं. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे नाव सुरू करायला १०८ अक्षरं, जन्मवेळेच्या चरणाचं आपलं. हस्त नक्षत्राची पू, ष, ण, ठ. पहिल्या चरणावर पूर्वा, पूजा, आनंदीआनंद. तिसऱ्यावर 'ण'! मराठीत ण-ने शब्द सुरू होत नाही, मुलगी कुठून होणार? चरण साधारण सहा तासांचा. पोरगी सहा तास आधी आली असती तर 'ष', सहा तास थांबली असती तर ठकू. अशा वेळी नावरस नाव पत्रिकेत गुंडाळून ठेवावं आणि हाकेचं वेगळं शोधावं.

आजीला 'गोदावरी' हवं असतं. नद्या आपल्याकडे मुबलक, पण अरुणा-वरुणा आता रिटायर व्हायला आलेल्या वाटतात आणि दारणा म्हटलं की धरणाची पातळी आठवते. नंदिनी गोड आहे. पण त्या नदीला गाव अजून नासर्डीच म्हणतं, हे लक्षात असू द्या.

ऋ आणि ज्ञ टाळा. 'ऋजुता'चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आर-यू, शाळेत आर-आय होतं आणि मग प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नावाचा रकाना रिकामा चालतो. वर्षभरात नाव फुकट भरता येतं, पुढे विलंब शुल्क. अकराव्या महिन्यात घरात एकमत होतं. तोवर पोरगी 'छकुली'ला ओ द्यायला लागलेली असते, आणि 'छकुली लीना नारायण' हे कोणी म्हणून पाहिलेलं नसतं.