आला की आणलास?

‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे’ हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या निबंधापासून संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत सगळीकडे ऐकू येते, आणि लेखकाला ते सुनावताना हटकून गवयाचा दाखला दिला जातो. गवई रागाच्या चौकटीत राहतो, तालाला बांधलेला असतो, तरी त्याची कधी तक्रार नसते. मग लेखकालाच मोकळे रान कशासाठी हवे, असा तो सवाल असतो. मी दहा-बारा वर्षे गाणे शिकले आणि त्याहून अधिक काळ कथा लिहीत आले आहे. हा दाखला देणाऱ्यांनी गाण्याचा वर्ग आतून पाहिलेला नसावा, असे मला नेहमी वाटते.

आमच्या बाईंकडे यमन राग सुरू होता. यमनात मध्यम तीव्र असतो; आलाप करताना माझ्याकडून शुद्ध मध्यम लागला. बाईंनी पेटीचा भाता थांबवला आणि एवढेच विचारले, “आला की आणलास?” मी गप्प. खरे तर तो आलाच होता, घसरून. बाई म्हणाल्या, “आला असेल तर परत म्हण. आणला असशील तर का आणलास, ते पुढच्या दोन आवर्तनांत दाखव.” यमनात शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श करून यमनकल्याण गाणारे थोर गवई होऊन गेले आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी स्वर काढून टाकायला सांगितले नाही, त्याचा जाब मागितला. आणि तो जाबही गाऊनच द्यायचा होता.

कुमार गंधर्वांकडे मी याच प्रश्नातून पाहते. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला, लहानपणीच नाव झालेला हा गायक विशीत क्षयाने आजारी पडला, 1948 च्या सुमारास देवासला गेला आणि काही वर्षे त्याला गाणे पूर्ण बंद ठेवावे लागले. त्या सक्तीच्या शांततेत माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली, आणि पुढे त्या धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले. ‘धुनउगम राग’ हा त्यांचाच शब्द. फुप्फुस निकामी झाल्यामुळे त्यांची गायकी अशी तुटक, झेपावणारी झाली, असे सरसकट सांगितले जाते. मला ते पुरते पटत नाही. मर्यादा आजाराने घातली हे खरे, पण श्वास कुठे सोडायचा आणि ती रिकामी जागा कशी बोलती ठेवायची, हे त्यांनी स्वतः ठरवले. मर्यादा आली होती; गायकी त्यांनी आणली. परंपरेच्या अभिमान्यांनी त्यांच्यावर टीका केली, जयपूर घराण्याची वेस ओलांडल्याबद्दल किशोरी आमोणकरांवरही केली, परंतु टीका करणारे समोर बसून ऐकत होते आणि दोघांनीही उत्तर मैफलीतच दिले.

आता मर्ढेकर घ्या. 1947 साली आलेल्या ‘काही कविता’बद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि निर्दोष सुटायला 1952 उजाडले. ज्या कवीने यंत्रयुगातली माणसे आणि पिंपातले उंदीर जुन्या छंद-वृत्तांच्या साच्यात बसवले, ज्याने सौंदर्यशास्त्रात लयतत्त्व मांडले आणि लेखकाकडून आत्मनिष्ठेची अपेक्षा केली, तो आरोपीच्या पिंजऱ्यात. शिस्त हीच चिंता असती, तर मराठीत इतका शिस्तीचा दुसरा कवी त्या काळात शोधूनही सापडला नसता. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 च्या दिवाळी अंकात छापली गेली आणि त्या कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून त्यांच्या बाजूने लागला तो 1969 साली. सात वर्षांत लेखकाच्या हातून काय काय लिहायचे राहून जाते, याची नोंद कोणत्याच निकालपत्रात नसते. दंड संहितेतले अश्लीलतेचे तेव्हाचे कलम 292 आता भारतीय न्याय संहितेत 294 झाले आहे.

आणखी एक गंमत पाहा. सासू-नणदेची नजर चुकवून रात्री प्रियकराकडे निघालेली नायिका ख्यालाच्या बंदिशींत शेकड्यांनी सापडते आणि सभागृह तिला मनापासून दाद देते. तीच बाई मराठी नाटकात चार वाक्ये बोलणार असेल, तर संहिता आधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी पाठवावी लागते. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. रागाचा नियम गवई स्वतः पत्करतो आणि तो वाकवायचा झाल्यास सुरांतच हिशेब देतो. लेखकावर घातलेला नियम मात्र ज्याला ती ओळ लिहायची नसते त्याच्याकडून येतो, आणि तिथे ‘का आणलीस’ असे कोणी विचारतच नाही.

हे सगळे मी इतक्या तावातावाने लिहिते आहे, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी कथा दिली होती. संपादकांचा फोन आला, “ताई, मिरवणुकीचा तो एक परिच्छेद काढूया का? सध्या वातावरण बरं नाही.” परिच्छेदात काय खटकले, असे मी विचारले. ते म्हणाले, “मला काहीच खटकलं नाही हो.” तो परिच्छेद मी चार वेळा लिहून पाचव्यांदा जमवला होता, तो आला नव्हता, आणलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो गाळून फाईल पाठवून दिली. अंक वसुबारसेच्या आधी घरी आला, आणि कथा सुटसुटीत झाली आहे, असे दोघा-तिघांनी आवर्जून कळवले.